ओ दिली की उठायचं

काकांनी मला पहिली हाक मारली तेव्हा काका खोलीत नव्हतेच.

उरणजवळच्या एका खाजगी कंटेनर यार्डात माझा तो पहिला दिवस. गेटच्या वरच्या मजल्यावर कागदपत्रांची खोली, तीत चार टेबलं आणि कोपऱ्यात मॅनेजरची काचेची केबिन. मी तळा गावची, लग्न होऊन उरणात आलेली, कंप्युटरचा कोर्स झालेला पण नोकरीच्या नावाने शून्य. कोणीतरी चहा आणून दिला. कप तोंडाशी नेते तोच समोरचा कंप्युटर खणखणीत आवाजात ओरडला, "गो पोरी! मेल आयलाय, बग तरी!" कप सुटला आणि चहा सगळा कीबोर्डात. शेजारच्या टेबलावरची, पनवेलहून येणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळ्यांचा सांडतो. कपाटात जुना कीबोर्ड आहे, घे."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. ही काय थट्टा, असं विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात आवाजाचे मालक जिना चढून आले. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह, डोक्यावर यार्डातलं पिवळं हेल्मेट. ते हेल्मेट खोलीत, पंख्याखाली बसूनही ते काढत नसत. "कवा पलायला लागंल सांगता येत न्हाय," हे त्याचं कारण. माझ्या भिजलेल्या कीबोर्डाकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे ऐकू आयला तुना! झकास! आवाज जरा वारवू का?"

यार्डातले ड्रायव्हर त्यांना दादूस म्हणत, मी काका म्हणायला लागले. त्या खोलीत मी सहा वर्षं काढली आणि त्यांतला एकही दिवस मला कंटाळवाणा आठवत नाही.

काम तसं रुक्ष. कुठला कंटेनर आला, कुठला गेला, कोणत्या जहाजाचे कागद कधीपर्यंत द्यायचे, हे दिवसभर भरत बसायचं. जहाज कंपन्यांचे मेल येत, बंदराच्या वेबसाइटवर जहाजांच्या वेळा बदलत, आणि हे सगळं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून वर येणाऱ्या एका चौकोनातून कळे. तुम्हीआम्ही त्याला नोटिफिकेशन म्हणतो. तो चौकोन वर येतो, पाच सेकंद थांबतो आणि आपणहून नाहीसा होतो. काकांना त्या पाच सेकंदांचा भयंकर राग होता. "यो काय परकार हाय? हाक मारतो आनी उत्तर यायच्या आदीच पलतो? आसा मानूस आमच्या गावात आसता तं त्याला कोनी दारात उभा केला नसता!"

म्हणून ते बाहेरून अ‍ॅड-ऑन आणून बसवत. अ‍ॅड-ऑनला ते 'जोड' म्हणत आणि नोटिफिकेशनला 'हाक'. मेलच्या प्रोग्रामला त्यांनी अशी जोड दिली होती की माणसागणिक आवाज वेगळा. ब्राउझरला अशी, की बंदराचं पान स्वतःच दर दोन मिनिटांनी बघायचं आणि जहाजाची वेळ बदलली की ओरडायचं. एक चिमुकला प्रोग्राम त्यांनी कुठून तरी शोधून काढला होता, तो कुठल्याही फाइलवर नजर ठेवी आणि तीत नवी ओळ आली की चौकोनात आणून दाखवी. त्या प्रोग्रामवर काकांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं.

जोड बसवायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सण. शनिवारी दुपारी काम हलकं असे, तेव्हा काका हात धुऊन येत, हेल्मेट सरळ करत आणि आम्हाला खुर्च्या घेऊन बोलावत. इन्स्टॉल करताना अटींचं जे लांबलचक इंग्रजी पान येतं, जे जगात कोणी वाचत नाही, ते काका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. नुसतं वाचत नसत, आम्हाला आगरीत समजावून सांगत. "आता यो बोलतो, तुमचा कंप्युटर बिगरला तं माज्याकं येऊ नका. बरा बोलतो. पन यो आदी बोलला, यो खरा मानूस." मध्येच कुठेतरी एक खूण आधीच केलेली असे, म्हणजे जोडीबरोबर आणखी एक नको असलेला प्रोग्राम आत शिरणार. ती खूण काढताना काकांना आसुरी आनंद होई. "पावन्याबरोबर पावन्याचा पावना आयलाय बग! चल, भाएर!" आणि मग ती हिरवी पट्टी हळूहळू भरत जाई. शंभर टक्के झाले की आम्ही खरोखर टाळ्या वाजवायचो. मी आजही कोणताही प्रोग्राम बसवताना ती पट्टी भरेपर्यंत दुसरीकडे बघू शकत नाही.

हाकांचे त्यांनी तीन प्रकार केले होते. पहिली, नुसती कानावर घालायची. तिला त्यांचं खाकरणं. दुसरी, विचारायची, म्हणजे समोरचा उत्तराची वाट बघतोय. तिला सायकलची घंटी. तिसरी, धावायची. तिला त्यांची स्वतःची आरोळी, "चला रंऽऽ! पानी आयला!" आग लागो, क्रेन अडको, गेटवर ट्रेलर आडवा होवो, हाक हीच. कंटेनर यार्डात पाणी कुठलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "धावायचा म्हंजे पान्यासाटीच धावायचा. दुसरा सगला त्याच्या मागून आयला."

ही आरोळी त्यांनी माझ्यासमोरच रेकॉर्ड केली. खोलीत ओरडलं की आवाज कोंडल्यासारखा येतो म्हणून त्यांनी लॅपटॉप उचलला आणि मला घेऊन सरळ त्यांच्या भावकीच्या मिठागरावर गेले. ओहोटीची वेळ, ऊन मी म्हणत होतं, मिठाचे पांढरे ढीग डोळ्यांना बघवत नव्हते. काका बांधावर उभे राहिले, मी बटण दाबलं आणि त्यांनी छाती भरून आरोळी ठोकली. लांबून, तीन-चार आगरांपलीकडून उत्तर आलं, "ओऽऽ!" आणि एक माणूस खांद्यावर फावडं टाकून आमच्याकडे धावत सुटला. मी घाबरले. तो धापा टाकत पोचला. काका ओशाळून म्हणाले, "काय न्हाय रं, कंप्युटरमदी भरत व्हतो." मला वाटलं आता तो शिव्या घालणार. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "मंग बांद बरा हाय ना?" एवढं विचारून तो आपल्या आगरात परत गेला. ते रेकॉर्डिंग काकांनी तसंच ठेवलं. आमच्या कंप्युटरवर धावायची हाक आली की शेवटी त्या माणसाची ती बारीक ओ ऐकू येत असे.

परत येताना त्यांनी मला बांधाचं सांगितलं. त्यांच्या गावची भातशेती खाडीच्या भरतीच्या पातळीखाली. मध्ये मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला तर खारं पाणी शेतात, आणि मग काही वर्षं त्या जमिनीत काही पिकायचं नाही. म्हणून बांधावरच्या माणसाने हाक मारली की ज्याच्या कानावर पडेल त्याने ओ द्यायची, पुढच्या घराला हाक पोचवायची आणि हातात जे सापडेल ते घेऊन निघायचं. काकांचे वडील एकदा अर्धी दाढी झालेली असताना तसेच धावले होते, आणि उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी झाली. "ऐकू न्हाय आयला तं माफ हाय. बहिरा मानूस माफ हाय. पन ओ दिली आनी आयला न्हाय, त्याला माफी न्हाय. त्याच्या घरी कोनी सोयरीक करनार न्हाय." हे सांगताना ते हसत नव्हते.

म्हणून धावायच्या हाकेच्या चौकोनात त्यांनी एक मोठं हिरवं बटण बसवलं होतं. त्यावर एकच अक्षर, 'ओ'. ते दाबल्याशिवाय चौकोन जायचा नाही. कोणी किती वाजता दाबलं हे एका फाइलीत लिहिलं जायचं. मला तर तो चौकोन इतका आवडला की मी घरच्या कंप्युटरवरही बसवला. सासूबाई स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारत आणि नवरा कंप्युटरला चिकटून बसलेला असे. मी मोबाइलवरून चौकोन पाठवायची. नवऱ्याने तीन दिवस सहन केलं आणि चौथ्या दिवशी पाटावर हजर झाला.

आता ती दुपार.

श्रावण संपत आला होता. म्हसळ्याच्या बाजूच्या गावांतल्या बायकांच्या गटांनी मिळून उकडीचे मोदक करून गोठवले होते आणि ते गणपतीसाठी आखातात चालले होते. त्यांची ही पहिलीच खेप. गोठवलेला माल ज्या कंटेनरमधून जातो त्याला आम्ही रीफर म्हणतो. तो म्हणजे चाळीस-पन्नास फ्रिजएवढा एक फ्रिज, यार्डात असेपर्यंत प्लग लावून ठेवायचा आणि आत उणे अठरा राखायचं. सकाळी माल आमच्याच यार्डात रीफरमध्ये भरला गेला. चार वाजता कस्टमचे साहेब येऊन सील लावणार, मग ट्रेलरवर चढून बंदरात. गणपतीच्या आत पोचणारं ते शेवटचं जहाज होतं.

मालाबरोबर ट्रकच्या केबिनमध्ये बसून गटांच्या अध्यक्षीणबाई आल्या होत्या. नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात स्टीलचा डबा. सील लागल्याशिवाय जाणार नाही म्हणून खाली कँटीनमध्ये ठाण मांडून बसल्या. मी कागदावर सही घ्यायला गेले तर मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, "तीन म्हयने एका बाईनं सन बघितला न्हाय की लगीन बघितलं न्हाय. ह्ये नीट पोचलं तर पुढल्या वर्षी बायका पुन्ना येतील. नासलं तर घरची मानसं त्यांना पुन्ना सोडायची न्हाईत. माज्या सासऱ्यानं तर आत्ताच सांगून ठेवलंय, बगू तुमचं मोदक समुद्रावर जातात का शेनखतात." आणि हसल्या. मी पण हसले.

काकांनी रीफरचं पॅनेल कंप्युटरमधल्या एका फाइलीला जोडलं होतं, आतल्या थंडीचा आकडा तीत उतरत राही. प्लग गेला, वीज गेली, की फाइलीत ओळ येणार आणि फाइलीतून आमच्या पडद्यावर हाक. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. बारा वाजता ते दाढ काढायला उरणात गेले. जाताना सगळ्यांना म्हणाले, "मोदकावं लक्ष ठेवा. हाक आयली तं ओ द्या."

सव्वाबाराला हाक आली. "चला रंऽऽ! पानी आयला!" आणि चौकोन: मोदक रीफर, प्लग बंद.

मी तो वाचला. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, की मी तो नीट वाचला. दुसऱ्या एका जहाजाचे कागद एक वाजेपर्यंत द्यायचे होते, माझ्यापुढे ढीग होता, आणि मी हिरवं बटण दाबलं. चौकोन गेला. पनवेलची मुलगी दाराजवळ बसते, ती जाईल असं मनात आलं. तिच्या माउसचा आवाजही ऐकला, म्हणजे तिने ओ दिली होती. तिला वाटलं तिसऱ्या टेबलावरचा गेटपास बघणारा जाईल, तो तसाही खाली-वर करतो. त्याला वाटलं मॅनेजर फोन करून सांगतील. मॅनेजरने केबिनमध्ये ओ दाबली आणि आमची मान हलताना बघून त्यांना वाटलं निघालं कोणीतरी. चौघांनी ओ दिली आणि चौघे खुर्चीत.

दीड वाजता काका आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस, डॉक्टरने तासभर बोलायला बंदी केलेली. हाताने 'सगळं ठीक?' असं विचारलं. आम्ही माना हलवल्या. ते बसले, फाइल उघडली, आणि उठले ते धावतच. खिडकीतून मला कंटेनरच्या रांगांमधून पळणारं पिवळं हेल्मेट दिसलं. मी चपला न घालता त्यांच्यामागे पळाले.

पॅनेलचा खटका पडला होता. प्लगवर असणारा माणूस जेवायला गेलेला. काकांनी खटका वर केला, यंत्र कण्हलं, थरथरलं आणि सुरू झालं. आकडा दिसला. उणे अकरा. काकांनी तो पेनाने तळहातावर लिहिला. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

खोलीत येऊन ते कीबोर्डाशी बसले. बोलता तर येत नव्हतं. तेवढ्यात चारही पडद्यांवर एकदमच त्यांची आरोळी उठली, शेवटी ती मिठागरातली लांबची ओ, आणि चौकोन आला: 'सगल्यांनी ओ दिली. गेला कोन?'

खाली हिरवं बटण. ते दाबल्याशिवाय चौकोन जाणार नव्हता आणि दाबायची कोणाचीच हिंमत नव्हती. माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी झापलेलं नाही, आणि झापणाऱ्याच्या तोंडात कापूस होता.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. "काका, चालू झालं ना? दोन-तीन तासांत परत अठरा होऊन जाईल. खाली त्या मॅडमना बोलू नका ना, खालीपिली टेन्शन घेतील. माल परत नेते म्हणाल्या तर काय करायचं?"

काकांनी तोंडातून कापूस काढला. तो लाल झाला होता. "नेतील. माल त्यांचा हाय. त्यांना सांगाया नको?" एवढं बोलून ते जिना उतरायला लागले. मी मागे गेले.

अध्यक्षीणबाई भाकरी खात होत्या. काकांनी हेल्मेट काढलं. सहा वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा तेव्हाच बघितलं. त्यांनी सगळं सांगितलं, किती वेळ बंद होतं आणि आकडा किती झाला, आणि तळहात दाखवला. बाईंचा घास हातातच राहिला.

"कोनाला कळलं न्हाय?"

"कललं. चौगांना कललं."

"मग?"

"हाक माजीच चुकीची," काका म्हणाले. "ओ देनाऱ्याला खुर्चीत बसू देनारी हाक मी बनवली. आमच्या बांदावर ओ देनारा उबाच आसतो, म्हनून माज्या ध्यानातच आयला न्हाय."

मी गप्प राहू शकले असते. काका माझं नाव सांगणार नव्हते, हे मला कळत होतं, आणि तेच सहन होईना. "ताई, पहिली ओ माझी होती," मी म्हणाले. "मी वाचलं आणि उठले नाही." आणि मला रडूच आलं.

बाईंनी मला जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. हात धुतले आणि कँटीनवाल्याला म्हणाल्या, "इडलीचं भांडं हाय ना? पानी ठेवा." मग काकांकडे वळून, "सील लागायचं हाय अजून. दाराजवळचा खोका काढा. तापला असंल तर त्यो पयला तापला असंल."

त्यांनी सांगितलं तेव्हा आम्हाला समजलं. मोदक एकदा सैल पडून पुन्हा गोठला की उकडताना फुटतो, कळ्या उघडतात आणि सारण बाहेर येतं. हे वरून कळत नाही, उकडल्यावरच कळतं. अकरा मोदक ओल्या फडक्यावर मांडून त्यांनी झाकण लावलं. "पंधरा मिन्टं." आणि भांड्यासमोर उभ्या राहिल्या. आकडा कोणी विचारत नव्हतं, जहाज कोणी विचारत नव्हतं. तीन महिन्यांचं काय होणार ते त्या भांड्यात ठरत होतं.

काकांना पंधरा मिनिटं नुसतं उभं राहणं जमण्यासारखं नव्हतं. ते वर गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. कँटीनच्या बाकावरच बसून त्यांनी हाकेचं पोट फाडलं. काय करताय विचारलं तर म्हणाले, "ओ दाबली की त्याचा कंप्युटर बंद. कुलूप! पॅनेलवं जो आकडा आसंल तो येऊन टाकल तवाच उघडंल. आकडा बगायचा तं जायाच लागंल!" मी डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी बसले. कुलूप लावणारी जोड त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये होतीच. आकडा ताडून बघायचं कसं ते सापडत नव्हतं, ते मला सापडलं. मला! पॅनेलच्या फाइलीतली शेवटची ओळ वाचायची आणि टाकलेल्या आकड्याशी जुळवायची, इतकं सोपं. काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी टेबलावर आपटले. पनवेलची मुलगी आणि गेटपासवाला केव्हा खाली आले कळलंच नाही, आमच्या खांद्यांवरून वाकून तेही सांगत होते, असं कर, तसं कर. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्यांदा मी ओ दाबली आणि पडदा काळा झाला. आम्ही ओरडलोच!

बाई भांड्यापासून मान वळवून बघत होत्या. "हां, आता बरोबर," त्या म्हणाल्या. "आमच्यात पन तसंच हाय. चुलीवरचं बघ गं म्हनलं की 'व्हय' म्हनते नि गप्पा मारीत बसते. म्हनून आमी व्हय म्हननारीच्या हातात झाकन देतो. झाकन हातात असलं की बाई इसरत न्हाय." काकांनी हे ऐकलं आणि ते इतके खूश झाले की रक्ताळलेल्या तोंडानेच हसत सुटले.

मग बाईंनी भांड्याचं झाकण उचललं.

वाफ वर गेली. त्यांनी वाकून एकेका मोदकाच्या भोवती बोट फिरवलं, अगदी कळीपासून बुडापर्यंत. एक. दोन. पाच. मी मोजत होते. अकराव्या मोदकावर बोट थांबलं, उलटा करून बघितला, आणि परत ठेवला. एकही फुटला नव्हता. एकही नाही!

त्यांनी पहिला मोदक बशीत घालून माझ्यापुढे धरला. "तू खा पयला. बरा असंल तर सांग, बरा नसंल तरी सांग." मी चावा घेतला. पातळ पारी, आत ओलं खोबरं, गूळ, वेलची, गरम सारणाने जीभ भाजली. "चांगला आहे," मी म्हणाले. "खरंच चांगला आहे, ताई." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग वळून काकांना म्हणाल्या, "लावा सील."

चार वाजता सील लागलं तेव्हा आम्ही सगळे रीफरपाशी होतो. मॅनेजरसुद्धा, हातात अर्धा मोदक घेऊन. आकडा उणे सतरा झाला होता. ट्रेलर मागे आला, प्लगवाल्याने प्लग काढला, क्रेनने रीफर ट्रेलरवर चढवला, ट्रेलरवरचं जनरेटर सुरू झालं आणि प्लग त्याला लागला. बाईंनी कंटेनरच्या पत्र्याला हात लावून नमस्कार केला. ट्रेलर गेटबाहेर पडून वळला आणि दिसेनासा झाला तरी आम्ही तिथेच उभे होतो.

वर आलो तर खोली आमच्याच आवाजाने भरलेली. प्लग काढला त्या क्षणी हाक आली होती आणि रिकाम्या खोलीत चारही कंप्युटर ओरडत बसले होते. चारही पडद्यांवर चौकोन उभा, खाली हिरवं बटण. मी हात पुढे केला, तसा काकांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आज मानसा हाकेच्या आदी पोचली."